हिऱ्यालाच दाद देणारं सिरॅमिक लेझरने कसं कोरतात? एका 'पल्स'ची गोष्ट

पुण्याहून अहिल्यानगर रस्त्याने निघालं आणि कोरेगाव भीमा ओलांडलं, की शिक्रापूरच्या आधी सणसवाडी लागते. शिरूर तालुक्यातलं हे गाव आज ओळखलं जातं ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांसाठी. अशा पट्ट्यातल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये डोकावलात तर नजरेला पडेल पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम. सिरॅमिक चटकन दिसणार नाही.

पण ते असतं. ग्राइंडिंग व्हीलमधले दाणे सिरॅमिकचे. स्पार्क प्लगचा पांढरा भाग सिरॅमिकचा. केमिकल पंपाच्या मेकॅनिकल सीलमधली काळी, आरशासारखी चकचकीत रिंग बऱ्याचदा सिलिकॉन कार्बाईडची, म्हणजे सिरॅमिकच. पोलाद जिथे झिजतं, गंजतं किंवा मऊ पडतं, तिथे हे सिरॅमिक टिकतं.

आता अडचण बघा. जे झिजत नाही, त्याला आकार द्यायचा कसा? त्याच्या पृष्ठभागावर केसाच्या दहाव्या भागाइतकी खोल खाच हवी असेल, तर ती पाडायची कशाने? यावरचं एक उत्तर म्हणजे पल्स्ड लेझर. हे तंत्र चालतं कसं, फसतं कुठे आणि पुण्याचा त्याच्याशी काय संबंध, ते समजून घेऊ.

हार्ड सिरॅमिक म्हणजे नेमकं काय?

सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कपबशी आणि बाथरूमच्या टाइल्स आठवतात. इंजिनिअरिंगमधली सिरॅमिक्स त्यांची नात्यातलीच, पण फार कडक. नेहमी भेटणारी चार नावं अशी:

- ॲल्युमिना: म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साईड. आपल्याकडचा कुरुंद दगड हे त्याचंच नैसर्गिक रूप. स्पार्क प्लग आणि ग्राइंडिंग व्हीलमध्ये हेच असतं. वितळतं सुमारे २०५० अंश सेल्सिअसला.
- सिलिकॉन कार्बाईड: सीलच्या रिंग, पॉलिश पेपर, भट्टीचे भाग. साध्या दाबाखाली हे वितळत नाही. सुमारे २७०० अंशांच्या पुढे त्याचं थेट विघटन होतं.
- सिलिकॉन नायट्राईड: वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगचे गोळे, कटिंग टूल.
- झिर्कोनिया: दातांवर बसवायच्या पांढऱ्या कॅप, आणि जेट इंजिनातल्या पात्यांवरचा उष्णतारोधक थर.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. आजच्या ग्राइंडवेल नॉर्टन या ग्राइंडिंग व्हीलच्या कंपनीची सुरुवात १९४१ मध्ये उरणजवळच्या मोरा इथे झाली होती.

कडक आहे, मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम हा की ही सामग्री कडक आहे, पण चिवट नाही. पोलादाच्या पट्टीवर हातोडा मारला तर ती वाकते. सिरॅमिकची पट्टी वाकत नाही, थेट तुटते.

१९२१ मध्ये ग्रिफिथ या ब्रिटिश इंजिनिअरने काचेचा अभ्यास करून एक महत्त्वाची गोष्ट मांडली. ठिसूळ वस्तूची ताकद ठरते ती तिच्यातल्या भेगांवरून. एक मोठी भेग असली की बाकीची सगळी वस्तू कितीही चांगली असो, ती तिथूनच जाणार. आणि भेगा सहसा कुठे असतात? पृष्ठभागावर. म्हणूनच सिरॅमिकच्या बाबतीत वरच्या काही मायक्रॉनच्या थराला इतकं महत्त्व आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

नेहमीचा मार्ग म्हणजे डायमंड व्हीलने ग्राइंडिंग आणि नंतर हिऱ्याच्या पावडरने लॅपिंग. हे काम उत्तम होतं, पण वेळ खातं, व्हील झिजवतं आणि घासताना पृष्ठभागाखाली बारीक भेगा सोडण्याची भीती असते. शिवाय रिंगच्या तोंडावर पाच मायक्रॉन खोल आणि वळणदार खाच पाडायची असेल, तर व्हील तिथे पोचतच नाही.

मग लेझर काय वेगळं करतो?

लेझरला धार नसते, त्यामुळे ती बोथटही होत नाही. तो सिरॅमिकला घासत नाही, एका बारीक ठिपक्यावर ऊर्जा ओततो. तेवढ्या ठिपक्यावरची सामग्री वितळते, वाफ होऊन उडते किंवा तिची रचना बदलते.

इथे कळीचा शब्द आहे 'पल्स'. सलग चालणारा लेझर म्हणजे नळाची धार. पल्स्ड लेझर म्हणजे तेच पाणी साठवून एका क्षणात मारलेला फटका. एक साधा हिशोब करू. नंबर आणि लोगो मारायला वर्कशॉपमध्ये २० वॅटचं फायबर लेझर मार्किंग मशीन वापरतात. समजा ते सेकंदाला २०,००० पल्स सोडतं. म्हणजे प्रत्येक पल्समध्ये १ मिलिज्यूल ऊर्जा. ही ऊर्जा फारच किरकोळ. पण ती बाहेर पडते १०० नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. त्या क्षणापुरती ताकद होते १० किलोवॅट. आणि ती पडते ५० मायक्रॉनच्या ठिपक्यावर. दर चौरस सेंटिमीटरमागे हिशोब केला तर आकडा जातो ५० कोटी वॅटवर.

एका बल्बइतक्या सरासरी ताकदीचं मशीन दगडाहून कडक वस्तूवर खूण उमटवतं, ते या हिशोबामुळे.

खरा खेळ वेळेचा

गरम काचेच्या ग्लासवर गार पाणी पडलं तर तो तडकतो. कारण एक भाग आकसतो आणि शेजारचा आकसत नाही. सिरॅमिकचंही तेच होतं. लेझरने एका जागी दोन हजार अंश तापमान नेलं आणि शेजारचा भाग थंड राहिला, की थंड होताना भेगा पडायची भीती. त्यामुळे प्रश्न इतकाच उरतो, की पल्स चालू असताना उष्णता आत किती पसरते?

ॲल्युमिनासाठी ढोबळ उत्तर असं येतं:

- पल्स १ मिलिसेकंदाची असेल, तर उष्णता साधारण ०.१ मिलिमीटर आत जाते. जवळपास केसाच्या जाडीइतकं.
- पल्स १०० नॅनोसेकंदाची असेल, तर सुमारे १ मायक्रॉन.
- पल्स १० नॅनोसेकंदाची असेल, तर सुमारे ०.३ मायक्रॉन.
- पल्स फेम्टोसेकंदांची असेल, तर उष्णतेला पसरायला वेळच मिळत नाही. १०० फेम्टोसेकंदात खुद्द प्रकाशसुद्धा फक्त ३० मायक्रॉन पुढे सरकतो.

म्हणजे पल्स जितकी छोटी, तितकी शेजारच्या भागाला झळ कमी. लांब पल्स मोठा थर वितळवते, जलद काम करते, पण भेगांचा धोका वाढवते. अतिशय छोटी पल्स नेमकं आणि स्वच्छ कोरते, पण काम हळू होतं आणि मशीन महाग पडतं.

इतक्या छोट्या आणि तरीही जोरदार पल्स तयार करण्याची युक्ती डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये मांडली. त्यासाठी त्यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे अजून एक बारकावा आहे. एक पल्स छोटी असली तरी पुढची लगेच येते. सेकंदाला २०,००० पल्स आणि लेझर सेकंदाला १००० मिलिमीटर वेगाने फिरत असेल, तर दोन ठिपक्यांत ५० मायक्रॉनचं अंतर राहतं, म्हणजे ठिपके एकमेकांना जेमतेम चिकटतात. वेग १०० मिलिमीटरवर आणला, की प्रत्येक जागेवर साधारण १० पल्स बसतात आणि उष्णता साठत जाते. मशीन तेच, सिरॅमिक तेच. फक्त वेगाचा आकडा बदलला आणि निकाल बदलला.

सामग्रीचा स्वभावही बघावा लागतो. काळपट सिलिकॉन कार्बाईड फायबर लेझरचा प्रकाश बऱ्यापैकी शोषतं. शुद्ध पांढरं ॲल्युमिना तोच प्रकाश फारसा शोषत नाही. त्याच्यासाठी कार्बन डायऑक्साईड लेझर, अल्ट्राव्हायोलेट लेझर किंवा अतिशय छोट्या पल्स वापरतात.

पृष्ठभाग बदलून मिळतं काय?

१. सीलवर खळगे आणि खाचा. मेकॅनिकल सीलमध्ये दोन रिंग एकमेकींवर फिरतात. मधला द्रवाचा पातळ थर तुटला, की रिंग घासतात, तापतात आणि पंप गळायला लागतो. इस्राएलमधल्या टेक्निऑन संस्थेचे इझाक एत्सियन यांनी १९९० च्या दशकात सीलच्या तोंडावर लेझरने काही मायक्रॉन खोल खळगे पाडण्याचा अभ्यास केला. प्रत्येक खळगा एका छोट्या बेअरिंगसारखा काम करतो, द्रवाचा दाब धरून ठेवतो आणि घर्षण कमी करतो. गॅस कॉम्प्रेसरच्या ड्राय गॅस सीलमध्येही रिंगवर काही मायक्रॉन खोल वळणदार खाचा असतात. शाफ्ट फिरला की त्यांच्यामुळे वायूचा थर तयार होतो आणि रिंग एकमेकींना न टेकता फिरतात. अशा खाचा पाडायला लेझर वापरतात.

२. ग्राइंडिंग व्हीलला नवी धार. व्हीलचे दाणे गुळगुळीत झाले, की व्हील कापायचं सोडून नुसतं घासतं आणि जॉब जळतो. मग डायमंड ड्रेसरने ड्रेसिंग करावं लागतं. हेच काम लेझरने करता येईल का, यावर बरंच संशोधन झालं आहे. ॲल्युमिनाच्या व्हीलचा वरचा थर लेझरने वितळून पुन्हा गोठतो, तेव्हा अनेक कडा असलेले दाणे तयार होतात. या कडा बारीक कटिंग एजसारख्या काम करू शकतात.

३. कोटिंगची छिद्रं बुजवणं. प्लाझ्मा स्प्रेने बसवलेला झिर्कोनियाचा थर सच्छिद्र असतो. लेझरने त्याचा वरचा भाग वितळवला, की तो गुळगुळीत आणि घट्ट होतो. मात्र थंड होताना त्यात उभ्या भेगाही पडतात. त्या किती आणि कुठवर जातात, यावर सगळं अवलंबून असतं.

४. चिकटण्यासाठी खरबरीतपणा. झिर्कोनियाची दाताची कॅप इतकी निष्क्रिय असते, की काचेसारख्या सिरॅमिकवर चालणारं ॲसिड तिच्यावर नीट चालत नाही. सिमेंट धरावं म्हणून तिचा आतला भाग सहसा ॲल्युमिनाच्या पावडरच्या फवाऱ्याने खरबरीत करतात. त्याऐवजी लेझर वापरता येईल का, हेही संशोधक तपासत आले आहेत.

या गोष्टीत पुणे कुठे आलं?

जगातला पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी चालवून दाखवला. त्याच्या केंद्रस्थानी होता माणकाचा दांडा. माणिक म्हणजे क्रोमियमचा अंश असलेलं ॲल्युमिनियम ऑक्साईड. थोडक्यात, ग्राइंडिंग व्हीलमध्ये जे असतं त्याचंच देखणं रूप. आणि तो लेझरही पल्समध्येच चालायचा.

असाच माणकाचा पल्स्ड लेझर १९८० च्या दशकात पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात वापरात होता. तिथल्या गटाने एक प्रयोग केला. लोखंड पाण्यात बुडवून ठेवलं आणि त्याच्या पृष्ठभागावर लेझरच्या जोरदार पल्स मारल्या. पृष्ठभाग क्षणात वितळला, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया झाली आणि तो तितक्याच झपाट्याने थंड झाला. परिणामी लोखंडावर आयर्न ऑक्साईडचा असा थर तयार झाला, जो सावकाश तापवून-थंड करून सहसा मिळत नाही. म्हणजे धातूच्या अंगावर ऑक्साईडचं, एका अर्थी सिरॅमिकचं, कातडं चढलं.

हा निबंध १९८७ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नामांकित नियतकालिकात छापून आला. लेखकांमध्ये सतीशचंद्र ओगले, कानेटकर, घैसास, पाटील, फासे, कुलकर्णी अशी नावं होती, आणि ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. भिडे यांचंही. द्रवात बुडवलेल्या वस्तूवर पल्स्ड लेझर मारून नवी सामग्री बनवण्याची आज जगभर एक मोठी शाखा आहे. तिच्या इतिहासात पुण्याच्या या निबंधाचा उल्लेख सुरुवातीलाच येतो.

पुढे १९९२ मध्ये ओगले, अजय मालशे आणि सहकाऱ्यांनी बेन्झीनमध्ये बुडवलेल्या ग्रॅफाईटवर माणकाच्या लेझरच्या पल्स मारून हिऱ्याचे सूक्ष्म कण मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. ग्रॅफाईट म्हणजे पेन्सिलीच्या शिसातला मऊ कार्बन. त्यातून जगातली सर्वांत कडक वस्तू. मालशे पुढे अमेरिकेत गेले आणि कटिंग टूलवरच्या क्युबिक बोरॉन नायट्राईडच्या कोटिंगसाठी ओळखले जाऊ लागले.

सिरॅमिकवर थेट लेझर चालवण्याच्या अभ्यासातही मराठी नावं आहेत. अमेरिकेतले प्राध्यापक नरेंद्र दहोत्रे यांनी संदीप हरिमकर यांच्यासोबत लेझरने सामग्री घडवण्यावर २००८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. वर सांगितलेलं ॲल्युमिनाच्या ग्राइंडिंग व्हीलचं संशोधनही या दोघांच्या कामाचा भाग आहे. २००९ मध्ये अनुप सामंत आणि दहोत्रे यांनी इंजिनिअरिंग सिरॅमिक्सच्या लेझर मशीनिंगचा सविस्तर आढावा घेतला. लेझर पडल्यावर प्रत्येक सिरॅमिक वेगळं वागतं, हे त्यातून नीट समोर येतं. ॲल्युमिना वितळतं आणि वाफ होतं. सिलिकॉन नायट्राईडमधला नायट्रोजन निघून जातो आणि सिलिकॉन मागे राहतं. म्हणून एकाचं सेटिंग दुसऱ्याला चालत नाही.

मग सगळ्यांनी लेझर घ्यायचा का?

थांबा. लेझरच्या जाहिरातीत चकचकीत खाच दिसते, तिच्या कडेला काय झालं ते दिसत नाही. वितळलेली सामग्री कडेला पुन्हा गोठून तिचा उंचवटा राहू शकतो. सीलच्या रिंगवर दोन मायक्रॉनचा असा उंचवटा म्हणजे समोरच्या रिंगला ओरखडे. खाली बारीक भेगा राहिल्या असतील, तर भाग आज चालेल आणि उद्या दाबाखाली तुटेल. सिलिकॉन कार्बाईडवर मोकळं सिलिकॉन आणि कार्बन उरला, तर त्या जागेची गंजरोधक क्षमता बदलू शकते.

म्हणून जॉब वर्क देताना किंवा मशीन घेताना चार प्रश्न नक्की विचारा:

- पल्स किती लांबीची आहे? नुसते वॅट सांगून चालणार नाही.
- ठिपका किती मोठा आणि फिरण्याचा वेग किती?
- नमुना कापून मायक्रोस्कोपखाली त्याचा छेद दाखवाल का? भेगा वरून दिसत नाहीत.
- लेझर मारलेला आणि न मारलेला भाग सारख्याच परिस्थितीत चालवून बघितला आहे का?

देशात या विषयाची जाण असलेल्या संस्था आहेत. हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन केंद्रात लेझर प्रक्रियेचा आणि सिरॅमिकचा असे दोन्ही विभाग आहेत. इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र तर लेझरसाठीच ओळखलं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं: डोळे

फायबर लेझरचा प्रकाश साधारण १०६४ नॅनोमीटरचा असतो. तो आपल्याला दिसत नाही. पण डोळ्याचं भिंग त्याला अडवत नाही, उलट तो गोळा करून थेट पडद्यावर, म्हणजे रेटिनावर टाकतं. बुबुळापाशी जी तीव्रता असते, ती रेटिनावर लाखपटीपर्यंत वाढू शकते. प्रकाश दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. रेटिनावर भाजलं तरी सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणून काही झालं नाही असं वाटतं, आणि नजरेत पडलेला डाग कायमचा राहतो.

गुळगुळीत सिरॅमिक किंवा पोलादावरून परावर्तित झालेला किरणही तितकाच घातक. मशीनवर ठिणगीसारखा जो प्रकाश दिसतो, तो लेझर नसतो, ती तापलेल्या सामग्रीची चमक असते. म्हणून साधा गडद गॉगल किंवा वेल्डिंगची काच लावून काम भागवू नका. मशीनच्या तरंगलांबीचा आकडा ज्याच्यावर छापलेला आहे, असाच गॉगल हवा. मशीन बंदिस्त असेल आणि दार उघडल्यावर लेझर आपोआप बंद होत असेल, तर उत्तम. ते इंटरलॉक काम उरकण्यासाठी बायपास करू नका.

दुसरी गोष्ट धुराची. सिरॅमिकची वाफ थंड झाली की तिचे अतिसूक्ष्म कण होतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. टंगस्टन कार्बाईडच्या टूलवर लेझर मारला तर त्यात कोबाल्टही असतो, आणि तो आरोग्याला घातक आहे. त्यामुळे धूर ओढणारा एक्झॉस्ट आणि चांगला फिल्टर पाहिजेच.

थोडक्यात, सिरॅमिकवर लेझर मारताना मशीन किती वॅटचं आहे याइतकंच महत्त्व आहे ते त्याची पल्स किती लांबीची आहे याला. सेकंदाच्या एक कोटीव्या भागात एका थेंबाइतकी सामग्रीही हलत नाही, पण सीलची रिंग जास्त टिकणार की तडकणार, हे तेवढ्या वेळात ठरून जातं. मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाचा डोळा जायलाही तेवढाच वेळ पुरतो. तुमच्या ओळखीत कोणी मार्किंग मशीनवर विनागॉगल काम करत असेल, तर शेवटचा भाग त्याला आधी वाचायला द्या.